सागावर अळी आली, हे कुणाला सांगावं?

चंद्रपूर जिल्ह्याच्या झाडीपट्टीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासऱ्यांनी (ताई त्यांना मामाजी म्हणतात) पंचवीसेक वर्षांपूर्वी धानाच्या बांध्यांना लागून असलेल्या भरड जमिनीत साग लावला. आज ते साडेतीन एकर सागवान आहे. यजमान बाहेरगावी नोकरीला, महिन्या-दीड महिन्यानं घरी येतात. झाडांकडे रोज बघणाऱ्या ताईच. जुलैमध्ये अळीनं सागाची पानं खाल्ली, शिरा तेवढ्या उरल्या. मग पुन्हा पालवी आली, आणि आता भाद्रपदात त्याच पानांची जाळी होते आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या नर्सरीतून स्वस्तात मिळाली म्हणून आणलेल्या निलगिरीच्या दोनशे रोपांना शेंड्याशी गाठी आल्यात, वाढ थांबली आहे. विहिरीजवळची पपई आणि तिच्या बाजूचे पाच-सहा साग यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो. धुऱ्याला धुरा लागून असलेले काका म्हणतात, "तुमच्या सागातली कीड माझ्या वांग्यात येते, फवारा मारा नाही तर मी अर्ज देतो." यजमानांचं म्हणणं वेगळंच: "कोणाले सांगू नोको. ठेकेदाराले समजलं तर भाव पाडन, अन् फॉरेस्टवाल्याले समजलं तर चकरा सुरू होतीन." ताई विचारतात, "सातबारा अजून मामाजींच्याच नावावर आहे. मी यांचं ऐकून गप्प बसू, फवारणी करू, की कुणाला कळवू? झाडं मामाजींच्या हातची आहेत, जीव तुटतो." सोबत पाकिटात सागाची दोन पानंही आहेत.

ताई, नमस्कार.

आधी त्या पानांबद्दल बोलते. तुमचं पाकीट उघडलं तेव्हा एका पानाच्या दुमडलेल्या कडेत कोष होता, आणि बोट लावल्यावर तो हलला. म्हणजे तुमच्या रानातून निघालेला जीव चार दिवसांचा प्रवास करून शहरात माझ्या टेबलावर जिवंत पोहोचला. मी पानं उकळत्या पाण्यात टाकली आणि मग बाहेर फेकली. तुम्ही काळजीनं पाठवलीत, त्यात दोष धरत नाही. पण कीड एका गावाहून दुसऱ्या गावाला कशी जाते हे यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं. ती उडत येते हे खरं, पण फार लांबचा पल्ला ती बहुतेक वेळा माणसाच्याच हातानं गाठते. रोपांच्या पिशवीतून जाते, सरपणाच्या मोळीतून जाते, खोक्याच्या लाकडातून जाते. तुमच्या तीन तक्रारींपैकी एक अशीच आली असावी. म्हणून आधी त्या तिन्ही वेगळ्या करू, कारण पत्रात त्या एकाच "किडी"त मिसळल्या आहेत आणि घरातलं भांडणही त्यामुळेच मिसळलं आहे.

सागापासून सुरुवात करते. जुलैमध्ये कोवळी पालवी आल्यावर अळ्या दोऱ्याला लोंबकळताना दिसल्या, खाली खसखशीसारखी काळी विष्ठा पडली, मधल्या जाड शिरा सोडून पान साफ झालं, असं तुम्ही लिहिलंय. हे पानं खाणाऱ्या अळीचं वर्णन आहे. भाद्रपदात पानाचा हिरवा गर खाऊन बारीक जाळी तशीच ठेवणारी अळी दुसरी. या दोन्ही आपल्याच. साग जितका जुना, तितकी त्यांची आणि त्याची ओळख जुनी. मामाजींनी रोपं लावली त्याही आधी शेजारच्या राखीव जंगलात त्या होत्या, आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला विचारलंत तर तो सांगेल की सागाचं रान पावसाळ्यात उन्हाळ्यासारखं दिसलेलं त्यानं अनेकदा पाहिलंय.

याचा अर्थ नुकसान होत नाही असा नाही. केरळात निलांबूरच्या सागाच्या कोवळ्या लागवडीत तिथल्या वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काही झाडं अळीपासून वाचवून ठेवली आणि काही तशीच सोडली. १९८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की चार ते आठ वर्षांच्या झाडांची जेवढी लाकूडवाढ होऊ शकली असती, त्यातली ४४ टक्के या अळीनं बुडवली. आकडा मोठा आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. झाडं मेली नाहीत, वाढ मागे पडली. आणि जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीचा वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही, कारण ती येते तोवर झाडाचा वाढीचा हंगाम सरत आलेला असतो. म्हणजे आज भाद्रपदात जी जाळी पाहून तुमच्या पोटात खड्डा पडतो, ती दिसायला भयंकर आणि करणीला त्यामानानं सौम्य. जुलैची अळी खरी खाणारी. शिवाय तुमची झाडं पंचविशी गाठलेली आहेत, निलांबूरच्या त्या पोरवयाच्या झाडांएवढा फटका त्यांना बसेलच असं धरून चालू नका.

अळ्यांचा पुढचा पूर आला की एक बघा. काही अळ्या काळपट, पाणचट होऊन पानाला उलट्या लटकून मेलेल्या दिसतील. तो त्यांच्यात पसरणारा विषाणूचा रोग आहे. केरळच्या त्याच संस्थेनं हा विषाणू वापरून अळी आवरण्याची पद्धत बसवली. कावळे, साळुंक्या, मुंगळे, गांधीलमाश्या हेही त्या दिवसांत रानात तुटून पडतात. एवढे सगळे कामाला लागलेले असताना आपण खालून विष मारलं तर पहिला घास त्यांचाच जातो.

निलगिरीची गोष्ट मात्र निराळी आहे. पानाच्या मधल्या शिरेवर, देठावर आणि कोवळ्या काडीवर ओळीनं गाठी, आधी हिरव्या, मग गुलाबी-लालसर, मग तपकिरी आणि शेवटी त्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं: तुम्ही हे इतकं नीट पाहिलंत की कृषी पदवीधरानंही पाहिलं नसतं. हे गाठी करणाऱ्या एका बारीक गांधीलमाशीचं काम असण्याची दाट शक्यता आहे. ती दीड मिलिमीटरही भरत नाही. मूळची ऑस्ट्रेलियाची, जिथली निलगिरी तिथलीच. २००० च्या सुमारास ती भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत दिसली आणि त्यानंतर लगेचच दक्षिण भारतात, कर्नाटकात, सापडली. पुढे निलगिरीच्या नर्सऱ्यांमधून ती पसरत गेली. तिच्यात जवळपास सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्यांची वीण वाढते, म्हणून एका रोपातून आलेल्या दोन-चार माश्याही पुरतात. स्वस्त रोपं स्वस्त का होती, याचं उत्तर कदाचित त्या शेंड्यांमध्येच आहे.

या कामी वेळ दवडू नका. ज्या गाठींना अजून भोकं पडलेली नाहीत ते शेंडे छाटून तिथेच जाळा. छाटलेला पाला गोठ्यात नेऊ नका, वाटेवर टाकू नका. पार खुरटलेली रोपं मुळासकट उपटा. त्या प्लॉटमधून कुणीही रोप मागितलं तरी देऊ नका, सख्ख्या बहिणीनं मागितलं तरी. आणि पुन्हा निलगिरीच लावायची असेल तर या किडीला दाद न देणारे क्लोन, म्हणजे निवडक झाडाच्या काडीपासून वाढवलेली रोपं, निवडून काढलेले आहेत. रोपाचं मूळ सांगणाऱ्या, पावती देणाऱ्या ठिकाणाहूनच घ्या. खरं सांगायचं तर साडेतीन एकर जमलेल्या सागाच्या कडेला निलगिरी कशाला, असं मला वाटतं. तिथे बांबू बसवला असता तर घरालाही उपयोग झाला असता. पण जमीन तुमची, निर्णय तुमचा.

तिसरा तो पांढरा थर. काडीनं खरवडून बघा. आत पिवळसर, मऊ, पिठात लोळल्यासारखे किडे निघाले, झाड चिकट झालेलं असलं आणि मुंग्यांची ये-जा असली, तर तो पिठ्या ढेकूण. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. आपल्या देशात तो २००८ मध्ये कोइंबतूरकडे सापडला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांनीही त्याचा मार खाल्ला. तो पपईपुरता थांबत नाही. तुती, जास्वंद, वांगी आणि सागसुद्धा त्याला चालतात. त्याच्यावर खरा उतारा पडला तो फवाऱ्यानं नव्हे. २०१० मध्ये बाहेरून एक परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली, ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, आणि बहुतेक ठिकाणी हा प्रश्न आटोक्यात आला. म्हणून थराजवळ काळे, वाळलेले, पोकळ ढेकूण दिसतात का ते बघा. दिसले तर तुमच्या विहिरीवर मदत आधीच पोहोचलेली आहे, तिथे विष मारू नका. नाही दिसले तर जास्त भरलेली पानं काढून जाळा, पपईच्या बुंध्याभोवतीचं मुंग्यांचं वारूळ हलवा आणि बाजूचं गाजरगवत काढा. तण हे अशा ढेकणांचं बारमाही बिऱ्हाड असतं.

(गाजरगवतावर पिवळट अंगावर तपकिरी रेघा असलेले भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. तेही परदेशीच, मेक्सिकोचे, १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडलेले. ते गाजरगवत खातात. परका किडा दिसला की ठेचायचा, असा नियम करून चालत नाही.)

आता काकांकडे या. सागाची अळी वांग्यावर किंवा धानावर जात नाही, हे त्यांना ठामपणे सांगा. पण पिठ्या ढेकूण जाऊ शकतो, हेही तितक्याच मोकळेपणानं सांगा. ते निम्मे चूक आहेत आणि निम्मे बरोबर. अर्जाची धमकी देणारा माणूस बहुतेकदा घाबरलेला असतो. त्यांना विहिरीवर बोलवा, थर दाखवा, आणि तुमची पपई व त्यांची वांगी एकाच दिवशी साफ करा.

तुमच्या पत्राचं मूळ मात्र किडीत नाही, यजमानांच्या "कोणाले सांगू नोको"मध्ये आहे. ते वाक्य मी हट्टी नवऱ्याचं म्हणून बाजूला टाकणार नाही. जगभरचे खासगी जंगलमालक हेच म्हणतात. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइट शहराच्या भागात अ‍ॅश नावाच्या झाडांवर पाचूसारखा हिरवा भुंगेरा सापडला. पूर्व आशियातून बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. तो सापडला तेव्हा त्याला तिथे येऊन बरीच वर्षं झाली होती. झाडं वाळत होती, लोकांना दिसत होती, पण कारण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढे त्यानं तिथली कोट्यवधी झाडं मारली, आणि तो लांबवर पसरला तो बऱ्याच अंशी सहलीला जाणाऱ्यांच्या गाडीतल्या सरपणातून. सुरुवातीला तिथल्या सरकारनं, कीड सापडली की आजूबाजूच्या अर्ध्या मैलातली सगळी अ‍ॅशची झाडं, चांगलीसुद्धा, तोडायची मोहीम काही भागांत चालवली. आपल्या परसातलं धडधाकट झाड पाडलेलं पाहून लोक चिडले, आणि शेवटी ती मोहीम सोडून द्यावी लागली. तेव्हा "कळवलं तर झाडं जातील" ही भीती हवेतली नाही, हे मला माहीत आहे.

पण ती भीती जशीच्या तशी तुमच्या सागावर बसत नाही. पानं खाणाऱ्या अळीसाठी आपल्याकडे कुणाचा मालकी साग सक्तीनं पाडलेला मी पाहिलेला नाही. अळीवर माहिती विचारणं हा तोडीचा अर्ज नाही. झाडं तोडण्याचं नियमन करणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे, साग त्याच्या यादीत आहे, आणि परवानगी लागते ती तोडायला. झाडावर अळी आहे हे बोलायला परवानगी लागत नाही. उलट मेलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं झाड हे त्या कायद्यात परवानगी देण्यासाठी मान्य असलेलं कारण आहे. पुढेमागे एखादं झाड खरंच वाळलं, तर कीड कधी आली, तुम्ही कुणाला दाखवली याची तारीखवार नोंद तुमच्याच बाजूनं उभी राहील.

मग यजमान एवढे का धास्तावलेत? पत्रात तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत, सातबारा अजून मामाजींच्या नावावर आहे. माझ्या मते गाठ तिथे आहे. वारसांची नावं चढलेली नाहीत, झाडांची नोंद आहे की नाही माहीत नाही, मोजणी कधी झाली आठवत नाही, आणि शेजारी राखीव जंगलाची हद्द. अशा जमिनीवर कुणीही खाकी कपड्यातला माणूस आला की छातीत धस्स होणारच, मग तो अळी बघायला आला असला तरी. यावर उपाय अळी लपवणं नाही. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा आणि फेरफार पूर्ण करून घ्या. नणंदा-दीर असतील तर त्यांच्याशी आधी बोला, सही मागायला शेवटच्या दिवशी जाऊ नका. झाडांची संख्या सातबाऱ्यावर लागलेली आहे का ते पाहा. ई-पीक पाहणीत झाडं नोंदवण्याची सोय आहे, ती वापरा. हद्दीचा संशय असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा. मालकी सागाची तोड करायची म्हटली की ही कागदं लागतातच, मग वाहतूक परवान्यापर्यंतची पायरी न् पायरी त्यांच्यावर उभी राहते. आज केलंत तर सवडीनं होईल. ठेकेदार दारात उभा असताना केलंत तर त्याच्या घाईनं आणि त्याच्या ओळखीनं होईल, आणि त्या ओळखीची किंमत तो तुमच्याच लाकडातून वळती करेल.

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. सागाचा भाव ठरतो घेरावर, सरळ उंचीवर आणि आतल्या पक्क्या गाभ्यावर. पानाची जाळी झाली म्हणून लाकडाला भोक पडत नाही. "अळी लागली, आता माल खराब होणार, लवकर देऊन टाका" असं जो म्हणेल, त्याला बुंध्याजवळ न्या आणि खराबी दाखव म्हणा. खरी काळजी खोडाची करा. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला, सालीवर विष्ठेची आणि रेशमाची जाळीदार पट्टी, फांद्यांच्या बेचक्यात भोक, असं दिसलं तर ती साल खाणारी, खोडात शिरणारी अळी. संत्र्याचे बागायतदार तिला चांगलं ओळखतात. जाळी घासून काढायची, भोकात तार घालून अळी मारायची, मग रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठासून वरून चिखल लिंपायचा. जुना उपाय आहे, घरी होतो. असं झाड एखाद-दुसरं असेल तर घाबरायचं कारण नाही. सरसकट दिसायला लागलं तर मात्र त्याच आठवड्यात जाणकाराला बोलवा.

फवारणीवर माझं मत स्पष्ट आहे: सागावर करू नका. तीस-चाळीस फूट उंच झाडाला खालून फवारा मारायचा म्हणजे पंपाची नळी आकाशाकडे, आणि पडणारा तुषार मारणाऱ्याच्या तोंडावर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा वरून अंगावर येत होता, हेही त्यामागच्या कारणांपैकी एक. साग तर कपाशीच्या कितीतरी पट उंच. तुम्ही स्वतः मारणार नाही, मजूर मारेल, आणि तो संध्याकाळी उलट्या करत घरी जाईल. दुसरं म्हणजे तुमच्या भागात ऐन आणि अर्जुन या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या, पाळणारी ढिवर कुटुंबं आहेत. कोशाची अळी हीही अळीच. वाऱ्यानं वाहून गेलेलं विष तिला सागाच्या अळीपासून वेगळं ओळखत नाही, आणि एका दुपारी कुणाचा तरी वर्षाचा घास जातो. बोडीतले (गावच्या छोट्या तळ्यातले) मासे आणि मोहावरच्या मधमाश्या यांचंही तेच.

मग काहीच न करता बसायचं का? "जंगल आहे, निसर्ग बघून घेईल" असंही काही वाचक मला लिहितात, विशेषतः शहरात राहणारे. सागाच्या जुन्या अळीबाबत ते बरंचसं खरं आहे. नव्या, बाहेरून आलेल्या किडीबाबत नाही, कारण तिला खाणारं इथे सुरुवातीला कुणी नसतं. आणि आपली जुनी कीडही कधीकधी हाताबाहेर जाते. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशात मंडला, दिंडोरीकडे सालबोरर भुंगेऱ्यानं साल नावाच्या वृक्षाची लाखो झाडं पोखरली. तिथे काही झाडं पाडून त्यांच्या चेचलेल्या सालीच्या रसावर भुंगेरे गोळा होऊ द्यायचे आणि गावकऱ्यांनी ते वेचायचे, वेचलेल्या भुंगेऱ्यांचे पैसे घ्यायचे, असं काम चाललं. गावं उतरली म्हणून ते काम झालं.

आपल्या कपाशीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. गुलाबी बोंडअळीच्या वेळी काय झालं? दहा जणांनी डिसेंबरात कपाशी उपटली आणि अकराव्यानं दोन क्विंटल जास्त मिळतील म्हणून फरदड ठेवली, म्हणजे तीच कपाशी न उपटता पुढे चालू ठेवली, की त्या एका वावरात अळी उन्हाळ्यापर्यंत तग धरायची आणि पुढच्या हंगामात दहाही जणांच्या बोंडात शिरायची. हे पटायला आपल्याला काही हंगाम लागले, पण पटलं. पिकावर कीड आली की आपण चावडीवर बोलतो, कृषी केंद्रावर पान दाखवतो. झाडावर आली की ओठ शिवतो. झाड म्हणजे आपल्याकडे तिजोरी, आणि तिजोरीबद्दल कुणी बाहेर बोलत नाही. मला तुमच्याकडून ही एकच सवय बदललेली हवी आहे.

सांगायचं म्हणजे थेट वन कार्यालयातच गेलं पाहिजे असं नाही. तुमच्यासाठी पहिली जागा सिंदेवाहीचं कृषी विज्ञान केंद्र. जाताना झाडाची फांदी नेऊ नका. किडे एका छोट्या काचेच्या बाटलीत सॅनिटायझरमध्ये बुडवून, झाकण घट्ट लावून न्या. जवळ काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. पूर्ण झाडाचा एक, फांदीचा एक, पानाच्या खालच्या बाजूचा एक. तिथे ओळख पटली नाही तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, आणि खास जंगलझाडांसाठी जबलपूरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आपल्या भागाचंही काम पाहते. हे सगळं लांब वाटत असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. गावात ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावर. तिच्या नोंदवहीत नव्या किड्याची तारीख आणि जागा लिहायला सांगा. सरपंचांना हे नवं वाटेल, पण ती वही अशा नोंदींसाठीच आहे.

तुमच्या गावात मालकी साग असलेले आणखी पाच-सात जण असतीलच. त्यांच्यापैकी कुणाच्या निलगिरीला गाठी आहेत का, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. त्या नर्सरीतून रोपं तुम्ही एकट्यानं आणली नसणार. "माझ्याकडे आलीय, तुमच्याकडे बघा" असं बाईमाणूस सांगायला आली की लोक बचावात जात नाहीत, हा माझा अनुभव आहे.

शहरात राहून गावच्या सागाकडे ठेव म्हणून बघणाऱ्या वाचकांना एवढंच: वर्षातून दोनदा जा, एकदा जुलैच्या मध्यात आणि एकदा दसऱ्याच्या आसपास. मार्च-एप्रिलमध्ये साग तसाही निष्पर्ण असतो, तेव्हा जाऊन काही कळत नाही. रोपं आणताना शेंडा उलटापालटा करून पाहा, आणि आणलेली रोपं महिनाभर जुन्या झाडांपासून लांब ठेवा. एमआयडीसीतून जुनी खोकी सरपणाला किंवा फर्निचरला आणत असाल तर त्यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया झाल्याचा ठसा आहे का बघा. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि 'एचटी' ही अक्षरं असतात. लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवल्याची ती खूण. गावात जो गुराखी किंवा जी बाई तुमच्या रानातून रोज जाते, तिला मान द्या. तुमच्या झाडांचं तिला तुमच्याआधी कळतं.

ताई, तुम्हीही एकट्या पहाटे रानात जाऊ नका. पत्रात तुम्ही पाच वाजताचा उल्लेख केलाय. तुमच्या भागात वाघाचा वावर मला माहीत आहे. अळी आठ वाजताही तिथेच असते. कुणाला तरी सोबत न्या आणि बोलत बोलत जा.

यजमानांना फोनवर पटवायला जाऊ नका, फोनवर फक्त भीती बोलते. दिवाळीला ते येतील तोवर निलगिरीचे शेंडे छाटून झालेले असू द्या, वारस नोंदीचा कोरा अर्ज आणून ठेवा. मग दोघं मिळून रानात जा. मामाजींच्या हातचे तीन साग निवडा, एक बरा, एक मध्यम, एक अळीनं जास्त खाल्लेला. जमिनीपासून साडेचार फुटांवर गेरूनं रेघ मारा, शिंप्याच्या टेपनं घेर मोजा, आणि तिन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहा. टेप त्यांना धरू द्या. पुढच्या दिवाळीला त्याच रेघेवर पुन्हा मोजलं की अळीनं तुमचं किती नेलं ते वहीत दिसेल, आणि ठेकेदारानं काय भाव सांगावा हेही.